पहिलं स्वतःचं अ‍ॅडव्हेंचर लिहितोय, मसुदा बघून सांगाल का?

पहिलाडाव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी (२०१४चे नियम) एक वन-शॉट, म्हणजे एका बैठकीत संपणारा डाव, लिहितोय. खेळाडू चार, सगळी पात्रं पहिल्या लेव्हलची, वेळ साधारण तीन तास. छापील अ‍ॅडव्हेंचर्स चालवायची सवय आहे, स्वतः लिहायची नाही. मसुदा अकरा पानांवर गेलाय.

गोष्ट अशी: समुद्राकाठच्या एका वस्तीचं दीपगृह पाच रात्री बंद आहे. दिवा सांभाळणारा म्हातारा गायब. पात्रं दीपगृहात जातात, वरच्या खोलीत त्यांना कुलूपबंद पेटी सापडते. कुलूप उघडलं (डीसी, म्हणजे वीसबाजू फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा, १५) की म्हाताऱ्याची रोजनिशी मिळते, तिच्यात खालच्या गुहेचा उल्लेख असतो. पात्रं गुहेत उतरतात. तिथे तस्करांची टोळी आहे. खरा दिवा बंद ठेवून खडकावर खोटा दिवा लावायचा आणि जहाज फोडून माल लुटायचा त्यांचा बेत आहे. पात्रं सहा तस्करांशी लढतात, मग म्होरक्याशी, शेवटी त्याने पाळलेल्या ओगर या धिप्पाड राक्षसाशी. म्हातारा सुटतो.

मला पडलेले प्रश्न:
१. पात्रं पेटीकडे फिरकलीच नाहीत तर?
२. या लढाया पहिल्या लेव्हलला झेपतील का? तस्करांसाठी नियमांतला तयार शत्रू बँडिट, म्होरक्यासाठी बँडिट कॅप्टन वापरलाय.
३. वर्णनं किती लांब असावीत? नमुना देतो:

"तुम्ही भीतभीत दार ढकलता. आतल्या गूढ अंधारात वर्षानुवर्षांचा एकाकीपणा साचलेला आहे. या दीपगृहाने कित्येक वादळं झेलली, कित्येक खलाशांचे प्राण वाचवले. एका कोपऱ्यात दोन तस्कर बसलेत. मधोमध लोखंडी जिना वर जातो, मागे तेलाची पिंपं रचून ठेवली आहेत आणि जमिनीवर तेलाचे थेंब पडलेले आहेत."

भुयारवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबेल, कारण खरी अडचण पेटीची नाही.

या कल्पनेत सगळ्यात मोलाची गोष्ट आधीपासूनच आहे. कुणीतरी एक वाईट काम करायला निघालंय आणि ते ठराविक वेळेला होणार आहे. एवढ्यावर तीन तास सहज जातात. पण मसुदा बघा: "पात्रं जातात, त्यांना सापडते, पात्रं उतरतात, पात्रं लढतात." हे खेळ व्हायच्या आधीच लिहून टाकलेलं त्याचं इतिवृत्त झालं. टेबलावर बसलेले चौघं यातलं दुसरंच वाक्य मोडतील, आणि मग पुढची नऊ पानं उपयोगाची राहणार नाहीत.

पेन्सिल घ्या आणि ज्या वाक्याचा कर्ता "पात्रं" आहे ते प्रत्येक वाक्य खोडा. त्या जागी लिहा, तिथे काय आहे, कोण आहे आणि त्याला काय हवंय. "पात्रं गुहेत उतरतात" हे गेलं की त्याऐवजी येईल: "गुहेला दोन वाटा. एक दीपगृहाच्या तळमजल्यावर, तेलाच्या पिंपांमागे. दुसरी समुद्राकडून, ओहोटीला कोरड्या पायांनी, भरतीला कमरेएवढ्या पाण्यातून." आता कुणी कड्यावरून दोर सोडून तिसरी वाट काढली तरी तुमचं काही बिघडत नाही. गुहा कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग माणसं. तीन पुरेत, आणि प्रत्येकाला तीन ओळी: काय हवंय, कशाची भीती, काय माहीत आहे. इथे तुमच्या मसुद्यातलं एक भोक दिसतं. टोळीने म्हाताऱ्याला जिवंत का ठेवलाय? कारण सापडेपर्यंत हे पात्र पोकळच राहील. एक सुचवतो: दीपगृहाचा दिवा ठरलेल्या लयीत उघडझाप करतो, ती झडप फिरवणारं दातेरी चाक म्हाताऱ्याने काढून लपवलंय. ती लय नसेल तर जहाजाचा कप्तान खोट्या दिव्याला फसणार नाही. झालं, म्हातारा जिवंत राहण्याला कारण मिळालं, आणि चाक ज्याच्या हाती त्याला टोळीशी सौदा करता येतो. तिसरा माणूस म्हणून टोळीतलाच एक पोरगा घ्या, ज्याचा भाऊ त्याच जहाजावर आहे आणि ही गोष्ट म्होरक्याला माहीत नाही. तलवार न उपसता आत शिरायची एक वाट त्याच्यातून निघते.

शेवटी घड्याळ. पात्रांनी काहीच केलं नाही तर काय घडत जाईल, ते तासांनिशी लिहा:

संध्याकाळी ६: पूर्ण ओहोटी. समुद्राकडची वाट कोरडी. सहाही तस्कर आणि म्होरक्या गुहेत.
रात्री ८: चौघे खोटा दिवा घेऊन खडकावर जातात. गुहेत म्होरक्या आणि दोघेच.
रात्री १०: म्हातारा मारापुढे हार मानतो, चाक टोळीच्या हाती.
मध्यरात्री १२: पूर्ण भरती. जहाज खडकावर आदळतं.

ओहोटी ते भरती साधारण सहा तास, त्यामुळे पाणी आणि कट एकाच वेळी चढत जातात. हे घड्याळ टेबलावर जाणवू द्या. एक खोली नीट धुंडाळली की दहा मिनिटं गेली, शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेतली की नियमानुसार एक तास गेला. त्या एका तासात चौघे खडकावर पोचलेले असतील. मग विश्रांती घ्यायची की नाही हा खेळाडूंपुढचा खरा प्रश्न होतो, आणि तो तुम्ही दोन पानांच्या कथानकाने उभा करू शकला नसता.

यानंतर अकरा पानांची चार होतील. त्यातलं एक पान नकाशाला द्या.

वीस_बाजू

भुयारवाट यांच्याशी सहमत. मी आकडे मोजून देतो.

आधी कुलूप. पहिल्या लेव्हलचा रोग (चोरकामात तरबेज पात्र), डेक्स्टेरिटी (चपळाई) अधिक ३, प्रोफिशियन्सी (सराव) अधिक २, म्हणजे अधिक ५. डीसी १५ला फाशावर १० किंवा जास्त हवेत: ५५ टक्के. त्याने एक्स्पर्टीज (दुप्पट प्रोफिशियन्सी) चोरीच्या अवजारांत घेतली असेल तर अधिक ७ आणि ६५ टक्के. म्हणजे सगळ्यात तयार माणूस टेबलावर असूनही तीनात एकदा गोष्ट पेटीपाशी थांबते, आणि रोग नसेलच तर त्याहून जास्त वेळा. ज्याच्यावाचून पुढे जाता येत नाही ते फाशामागे ठेवू नका. फाशाला किंमत ठरवू द्या: साधलं तर पेटी गुपचूप उघडते. चुकलं तरी उघडते, पण अर्धा तास जातो किंवा आवाज खाली गुहेत पोचतो.

आता लढाया. २०१४च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या एका पात्राची मर्यादा सोपी २५, मध्यम ५०, कठीण ७५, प्राणघातक १०० एक्सपी (शत्रूची ताकद मोजणारे अनुभव-गुण). चौघांसाठी १००, २००, ३००, ४००. शत्रूंच्या एक्सपीची बेरीज करून संख्येप्रमाणे गुणायचं: एक शत्रू असेल तर १, दोन असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट, सात ते दहा असतील तर अडीचपट.

सहा बँडिट: ६ × २५ = १५०, दुप्पट ३००. कठीण.
बँडिट कॅप्टन एकटा: ४५०. प्राणघातक रेषेच्या वर.
ओगर एकटा: ४५०. तोही वर.

गंमत म्हणजे याची बेरीज १२००, आणि पहिल्या लेव्हलच्या चौघांचं पूर्ण दिवसाचं बजेटही बरोबर १२०० (प्रत्येकी ३००). म्हणजे बेरीज बसते, वाटणी चुकते. सगळा भार शेवटच्या दोन लढायांवर पडलाय, तेही हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) आणि मंत्र संपत आले असताना.

ओगर जवळून बघा. हल्ला अधिक ६, नुकसान २डी८ (दोन आठबाजू फासे) अधिक ४, सरासरी १३. समोर विझर्ड (जादूगार), आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १२, हिट पॉइंट ८. ओगरला ६ किंवा जास्त हवेत, म्हणजे चारात तीन वार लागणार, आणि सरासरीचा एकच वार विझर्डला आडवा करतो. त्याहून वाईट पुढे आहे. शून्यावर आल्यावर उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटइतकं असेल तर पात्र जागच्या जागी मरतं, डेथ सेव्ह (जीव वाचवायचे फासे) मिळतच नाहीत. ८ हिट पॉइंटवाल्यासाठी ती रेषा १६ची. दोन आठबाजू फाशांवर १२ किंवा जास्त येण्याच्या ६४पैकी १५ शक्यता, साधारण २३ टक्के. लागणाऱ्या दर चार वारांत जवळपास एक वार सरळ मृत्यू, आणि क्रिटिकल (फाशावर २० आल्यावरचा जबर वार) यात धरलेला नाही. उलट बाजूने, ओगरचे हिट पॉइंट ५९, आर्मर क्लास ११. चौघं मिळून फेरीला २४च्या आसपास नुकसान करतील, म्हणजे तीन फेऱ्या. तेवढ्यात ओगरचे दोन वार लागतात. चौघांपैकी दोघं जमिनीवर.

बदल असा सुचवतो. म्होरक्याला कॅप्टनऐवजी थग (गुंड) करा: १०० एक्सपी, हिट पॉइंट ३२, एका पाळीत दोन वार, प्रत्येकी सरासरी ५. थग आणि दोन बँडिट मिळून १५०, दुप्पट ३००, कठीण. खडकावरचे चार बँडिट १००, दुप्पट २००, मध्यम. हे आकडे वरच्या घड्याळाशी जुळतात: आठनंतर गुहेत गेलं तर ३००. पण सहा वाजता गेलात, किंवा कुलपाच्या आवाजाने सगळे गोळा झाले, तर सात शत्रू, २५० गुणिले अडीच, म्हणजे ६२५. प्राणघातकच्या दीडपट. असं होऊ शकतं म्हणून ते काढू नका. फक्त आत शिरण्याआधी खेळाडूंना आकडा कळायची सोय ठेवा: गुहेच्या तोंडाशी सात जणांची अंथरुणं, सात वाडगे.

ओगर ठेवा, पण साखळीने बांधलेला, उपाशी, म्होरक्यावर चिडलेला. १९८१च्या बेसिक आवृत्तीत भेटणाऱ्याची मनःस्थिती २डी६ टाकून ठरायची: २ आले तर लगेच हल्ला, ३ ते ५ वैरभाव, ६ ते ८ अनिश्चित, ९ ते ११ हल्ला नाही, १२ आले तर मैत्री. लगेच हल्ल्याची शक्यता ३६त एक. हा तक्ता पाचव्या आवृत्तीतही जसाच्या तसा चालतो, आणि ओगर लढाईऐवजी प्रसंग होतो.

त्याच आवृत्तीतली मोराल (मनोधैर्य) चाचणीही घ्या. बाजूचा पहिला माणूस पडला की एकदा, निम्मे पडले की पुन्हा, २डी६ टाका. मोरालच्या आकड्यापेक्षा जास्त आले तर पळतात किंवा शरण येतात. भाडोत्री तस्करांना ७ द्या, दर चाचणीला ४२ टक्के. लढाई एखाद-दोन फेऱ्या आधी संपते, आणि शरण आलेला माणूस बोलतो, जे तीन तासांच्या खेळात फार कामाचं आहे. चार खेळाडू प्रत्येकी दीड मिनिट आणि शत्रूंची दोन मिनिटं धरली तर एक फेरी आठ मिनिटांची. चार फेऱ्यांच्या तीन लढायांत दीड तासापेक्षा जास्त जातो.

२०२४चे नियम वापरणार असाल तर हे गणित बदलतं. तिथे संख्येचा गुणक काढून टाकलाय आणि पहिल्या लेव्हलला प्रत्येकी ५०, ७५, १०० अशा तीनच पायऱ्या आहेत. दोन्ही पद्धती एकत्र करू नका.

कागदपेन्सिल

पेटीबद्दल अजून थोडं, मग वर्णनं.

वीस_बाजू यांनी फासा काढला, तरी खेळाडू वरच्या खोलीत गेलेच नाहीत हा तुमचा मूळ प्रश्न उरतोच. उपाय जुनाच आहे. जे खेळाडूंना कळलंच पाहिजे, त्याकडे नेणारे निदान तीन सुगावे ठेवा, आणि ते वेगवेगळ्या जातीचे. तीन कागद तीन खोल्यांत ठेवले तर तो एकच सुगावा तीनदा लिहिल्यासारखं होतं, कारण जे खोल्या धुंडाळत नाहीत त्यांना एकही मिळत नाही. एक वस्तू, एक माणूस, एक जागा असं करा. "म्हातारा खालच्या गुहेत आहे" यासाठी:

वस्तू: रोजनिशी. असू द्या, पण एकमेव नाही.
माणूस: भाऊ जहाजावर असलेला पोरगा. वस्तीत तो दोन माणसांचं जेवण घेताना दिसतो.
जागा: तळमजल्यावरचे तेलाचे थेंब, पिंपांकडे जाणारे.

तिसरा तुमच्या वर्णनात आधीच होता. पण तो पाचव्या वाक्यात होता, आणि चौथ्यात तस्कर होते. शत्रूचं नाव निघालं की टेबल पुढचं ऐकत नाही, फासे हातात येतात. म्हणून धोका नेहमी शेवटी.

नमुन्यातल्या बाकीच्या गोष्टी. "भीतभीत" नको, घाबरायचं की नाही ते खेळाडू ठरवेल. आणि त्याने दाराला आधी कान लावला असता तर? वाद इथूनच सुरू होतात. "कित्येक वादळं झेलली" हे आत आल्यावर कुणाला दिसत नाही, तेव्हा तेही नको. एकाकीपणा हाताला लागत नाही. त्याऐवजी थंड पडलेली चूल लिहा, खेळाडू राखेत हात घालून विचारतील, किती दिवसांची आहे.

मी ती खोली अशी लिहीन:

१. तळमजला
वाचून दाखवा: "गोल खोली. चूल थंड आहे. मधोमध लोखंडी जिना वर जातो. जिन्यापासून मागच्या पिंपांपर्यंत जमिनीवर तेलाचे थेंब आहेत. पिंपांआडून कुणीतरी दबक्या आवाजात हसतं."
आत कोण: दोन बँडिट, पत्ते खेळत. एक अर्धवट झोपेत. आवाज झाला तर दुसरा खाली हाक मारतो.
थेंब: ताजे, आजचे. पिंपांखाली जातात.
पिंपं: एक रिकामं, सहज सरकतं. खाली गुहेची शिडी (खोली ४).
चूल: राख पाच दिवसांची. तिच्यात लपवलेलं दातेरी चाक. राख उकरणाऱ्याला फासा न टाकता मिळतं.

वाचायच्या भागात पाच वाक्यं आहेत, ती वीस सेकंदांत संपतात. त्यातली प्रत्येक वस्तू खाली ठळक शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत पुन्हा येते. खेळाडू म्हणाला "चूल बघतो" की तुमची नजर थेट त्या ओळीवर. हे सगळ्यांत जास्त जपा. परिच्छेदात पुरलेली माहिती खेळताना सापडत नाही, आणि गेम मास्टर (खेळ चालवणारा) पान वाचत बसला की टेबल थंड पडतं. वाचायच्या भागात असलेली पण खाली नसलेली वस्तू म्हणजे कोरी जागा, खेळाडू नेमका तिथेच जाईल. जिना यात कोरा आहे बघा, त्याची ओळ तुम्ही लिहा: किती पायऱ्या, पावलांचा आवाज होतो का, वर दार आहे का.

सहा-सात खोल्या पुरेत. तीन तासांत त्याहून जास्त उघडल्या जात नाहीत.

पहिलाडाव

बसून खोडायला सुरुवात केली, "पात्रं" कर्ता असलेली एकतीस वाक्यं निघाली. चाक चुलीत ठेवायची कल्पना घेतोय.

अजून दोन शंका. पात्रांनी यात पडावंच का, हे लिहिलेलं नाही. वस्तीचा मुखिया बक्षीस देतो असं ठेवू का? आणि तयार झाल्यावर हे इतरांना वापरायला द्यायचं असेल तर बँडिट, ओगर यांचे स्टॅट ब्लॉक (आकड्यांचे तक्ते) छापता येतात का?

भुयारवाट

बक्षीस चालेल, पण ते नाकारता येतं आणि घासाघीस करण्यात वीस मिनिटं जातात. वन-शॉटला कारण खेळाआधीच द्या. पात्रं बनवताना प्रत्येक खेळाडूला एक प्रश्न विचारा: आज रात्री येणाऱ्या त्या जहाजावर तुमचं कोण किंवा काय आहे? चार उत्तरं कागदावर घ्या. आणि खेळ वस्तीत सुरू करू नका, दीपगृहाच्या दाराशी, संध्याकाळी साडेसहाला सुरू करा. मग पोरग्याचं जेवण घेणं दाराच्या पायऱ्यांवर आणा, तो त्यांना बघून दचकतो.

छापण्याआधी ते दुसऱ्या गेम मास्टरला चालवायला द्या आणि तुम्ही तोंड बंद ठेवून शेजारी बसा. तो जिथे मागची पानं उलटतो, जिथे तुमच्याकडे बघतो, जिथे काहीतरी रचून सांगतो, ती वेळ आणि खोलीचा नंबर टिपा. स्वतः चालवताना हे कधीच कळत नाही, कारण कागदावर नसलेलं तुम्ही डोक्यातून भरता.

वीस_बाजू

स्टॅट ब्लॉकचं: पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा दस्तऐवज) जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० परवान्याखाली खुला झाला. बँडिट, थग, ओगर तिन्ही त्यात आहेत, छापा, विकलंत तरी चालेल. अट श्रेयनिर्देशाची. त्या दस्तऐवजाच्या सुरुवातीला दिलेला मजकूर जसाच्या तसा तुमच्या पानावर घ्यायचा. एसआरडीत नसलेला राक्षस हवा असेल तर त्याचा ब्लॉक उचलू नका, एसआरडीतल्या जवळच्या राक्षसाचे आकडे घ्या आणि नाव, रूप, सवयी स्वतःच्या द्या.

आणि स्टॅट ब्लॉक मागच्या परिशिष्टात टाकू नका. थगची आर्मर क्लास, हिट पॉइंट, हल्ला आणि नुकसान ही एक ओळ खोली ४च्याच पानावर असू द्या.